मित्राची बदली होण्याआधी

दिवाळी सरली की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत हिरवा उजेड उतरतो. स्वित्झर्लंड झालं, पॅरिस झालं, आता ‘नॉर्दर्न लाइट्स’. त्याच इमारतींत कुणाची मुलगी, कुणाचा शाळेपासूनचा मित्र, कुणाचा भाचा संशोधनासाठी किंवा नोकरीसाठी नॉर्वेच्या पार टोकाला जाऊन राहिलेला असतो आणि व्हिडिओ कॉलवर ‘एकदा या की इकडे’ म्हणत असतो. ही दोन निमंत्रणं वरवर सारखी वाटतात, कारण नकाशावर दोन्ही उत्तरेलाच नेतात. पण आर्क्टिकमधल्या एखाद्या दूरच्या गावी जायचं तर दुसऱ्या निमंत्रणावर जावं. पहिल्यासाठी तेवढं लांब जायची गरजच नाही.

आधी दिव्यांचं निस्तरू. ध्रुवीय प्रकाश जितकं उत्तरेला जावं तितका जास्त दिसतो, ही समजूत चुकीची आहे. तो पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती एका कड्यासारखा पसरतो आणि रात्री हे कडं साधारण ६५ ते ७० अंश उत्तर अक्षांशांवर सर्वांत ठळक असतं. म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचं ट्रॉम्सो त्याच्या बरोबर खाली येतं. तिथे विद्यापीठ आहे, हॉटेलं आहेत, रस्ते आहेत. सूर्यावरचं वादळ जोरदार असेल तर तोही प्रवास वाचतो: मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाली टिपली होती. ट्रॉम्सोपासून आणखी साडेनऊशे किलोमीटर उत्तरेला, ७८ अंशांवर, स्वालबार्ड द्वीपसमूहात लाँगयरब्येन हे गाव आहे. ते रात्रीच्या कड्याच्याही पलीकडे पडतं. तिथलं खरं वैशिष्ट्य म्हणजे ऐन हिवाळ्यात भरदुपारी दिसणारा ध्रुवीय प्रकाश, आणि त्यात रस शास्त्रज्ञांना अधिक. तेव्हा जेमतेम अडीच हजार वस्तीच्या या गावी जाण्याचं कारण आकाशात शोधू नये, जमिनीवर शोधावं.

जमिनीवरची गोष्ट १९२० पासून सुरू होते. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये स्वालबार्डचा करार झाला. बेटं नॉर्वेची ठरली, पण करारात सामील देशांच्या नागरिकांना तिथे वावरण्याचा आणि धंदा करण्याचा समान हक्क मिळाला. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताच्या वतीनेही तेव्हा सही झाली. त्यामुळे आज बोरिवलीतल्या माणसाला लाँगयरब्येनला राहायला, नोकरी करायला व्हिसा लागत नाही, रहिवासी परवाना लागत नाही. दुबईलाही परवान्याशिवाय राहता येत नाही, ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली म्हणजे या सवलतीचं नवल कळतं. मग सगळं जग तिथे का लोटत नाही? कारण दार उघडं आहे, पण आत कुणी पोसणार नाही. स्वतःचा खर्च स्वतः भागवता आला पाहिजे, ही एकच अट. ज्याला ती पाळता येत नाही त्याला गव्हर्नर, तिथल्या भाषेत सिसेलमेस्टर, बेटावरून परत पाठवू शकतो. बेकारभत्ता नाही, वृद्धाश्रम नाही, निराधारांसाठी योजना नाही. घरं बहुतेक नोकरीबरोबर मिळतात. नोकरी सुटली की घर सुटलं, आणि घर सुटलं की बेट सुटलं. कुर्ल्याच्या किंवा कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये ज्यांचं बालपण गेलं, त्यांना या व्यवस्थेची वेगळी ओळख करून द्यायला नको. फरक इतकाच की इथे वडील निवृत्त झाल्यावर डोंबिवलीला फ्लॅट घेता येत असे, तिथे अख्खं गावच क्वार्टर्स आहे.

‘या गावात मरायला कायद्याने बंदी आहे’ ही समाजमाध्यमांवर फिरणारी गोष्ट तुम्हीही वाचली असेल. ती धड खरी नाही आणि धड खोटीही नाही. मरायला बंदी असा कायदा नाही. कुणीही, कुठेही मरू शकतो. पण शवपेटी पुरायला जागा मिळत नाही, कारण जमीन बारमाही गोठलेली असते आणि पुरलेलं हळूहळू वर येतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेलेले खाण-कामगार तिथल्या जुन्या दफनभूमीत आहेत. विषाणूचा माग लागेल या आशेने १९९८ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका तुकडीने त्या कबरी उकरल्या होत्या. जन्माचंही तसंच. छोटं हॉस्पिटल आहे, पण बाळंतपणाची नेहमीची सोय नाही, म्हणून गरोदर बाई तारखेच्या काही आठवडे आधी मुख्य भूमीवर जाते. एकूण काय, या गावात बाळंतिणीची खोली नाही आणि आजोबांचा कट्टाही नाही. मधल्या वयाची, धडधाकट, कमावती माणसं आणि त्यांची मुलं तेवढी आहेत. भटकंतीच्या लेखांत हिमनद्यांची रसभरीत वर्णनं येतात. खरी अजब गोष्ट ही आहे: माणसाच्या आयुष्याचा फक्त मधला तुकडा घेऊन वसवलेलं गाव.

ते असं झालं कारण त्याचा पाया कोळशाच्या कंपनीने घातला. जॉन मन्रो लाँगयर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने १९०६ मध्ये इथे खाण सुरू केली. गावाला त्याचंच नाव पडलं. १९१६ मध्ये खाणी नॉर्वेजियन कंपनीकडे गेल्या आणि पुढची कित्येक दशकं दुकान, मेस, घरं, सगळं कंपनीचंच होतं. त्या काळाची एक खूण पाहुण्याला आजही पहिल्याच दिवशी भेटते. हॉटेलात, वस्तुसंग्रहालयात, काही कचेऱ्यांतसुद्धा शिरताना बूट दारात काढावे लागतात. खाण-कामगारांच्या बुटांबरोबर कोळशाची भुकटी आत येऊ नये म्हणून पडलेली ही रीत. युरोपात कुठेही न आढळलेला चपलांचा स्टँड मराठी पाहुण्याला थेट ७८ अंशांवर सापडतो. खाणी मात्र राहिल्या नाहीत. गावातलं कोळशावर चालणारं वीजकेंद्र २०२३ मध्ये डिझेलवर गेलं आणि शेवटची नॉर्वेजियन खाण, ‘सात नंबर’, २०२५ च्या उन्हाळ्यात बंद झाली. आता पोट चालतं ते १९९३ मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठ केंद्रावर, उपग्रहांशी संपर्क ठेवणाऱ्या डोंगरमाथ्यावरच्या अँटेनांवर आणि पर्यटनावर. अँटेनांसाठीच २००४ च्या सुमारास समुद्रतळातून केबल टाकली गेली, म्हणून तर मित्राचा व्हिडिओ कॉल मुलुंडच्या वायफायपेक्षा स्वच्छ येतो.

निसर्गाच्या कुशीत माणूस साधा राहतो असं आपण गृहीत धरतो. इथे नेमकं उलटं आहे. निसर्ग जितका कठोर, तितके नियम जास्त. गावाच्या वेशीवर लाल त्रिकोणात पांढऱ्या अस्वलाची पाटी आहे आणि तिच्याखाली लिहिलेलं असतं की हा इशारा साऱ्या स्वालबार्डला लागू आहे. त्या पाटीपलीकडे जायचं तर अस्वलाला पळवून लावण्याचं साधन जवळ हवं, आणि बहुतेक जण बंदूक बाळगतात. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना भूगर्भशास्त्राआधी बंदूक शिकवतात. दुसऱ्या बाजूने दुकानाच्या दारावर ‘आत बंदूक आणू नये’ अशी सूचना असते. हे सारं अतिरेकी वाटत असेल तर ऑगस्ट २०२० आठवावा: विमानतळाजवळच्या तंबूस्थळावर अस्वलाने एका माणसाचा जीव घेतला होता. मांजर पाळायला मनाई, कारण पक्षी. दारूचं तर रहिवाशांना चक्क रेशनकार्ड आहे. महिन्याला किती बियर आणि किती बाटल्या हे त्यावर ठरतं, आणि पाहुण्याने परतीचं तिकीट दाखवायचं. महाराष्ट्रात ज्यांनी दारूचं परमिट काढलं आहे, त्यांनी यावर हसू नये.

आणि हे नियमही पुरत नाहीत. १९ डिसेंबर २०१५ ला गावाच्या डोक्यावरच्या डोंगरावरून हिमकडा सुटला, अकरा घरं जागची हलली आणि दोघांचा बळी गेला. त्यातलं एक लहान मूल होतं. पुढे धोक्याच्या पट्ट्यातली घरं पाडावी लागली आणि उतारावर अडसर उभे राहिले. घरं खांबांवर उभी आहेत, पाण्याचे नळ जमिनीवरून नेले आहेत, कारण गोठलेली जमीन वितळली की पाया सरकतो. तो आता सरकतो आहे. स्वालबार्ड जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगाने तापत आहे. जुलै २०२० मध्ये लाँगयरब्येनचं तापमान २१.७ अंशांवर गेलं, तो तिथला उच्चांक. जगभरच्या पिकांचं बियाणं जपून ठेवण्यासाठी फेब्रुवारी २००८ मध्ये इथल्या डोंगरात कोठार उघडलं. गोठलेली जमीन हीच त्याची हमी होती. २०१६ मध्ये त्याच्या प्रवेशाच्या बोगद्यात वितळलेलं पाणी शिरलं. बियाण्याला धक्का लागला नाही, पण बोगद्याची दुरुस्ती करावी लागली.

इथेच पहिला आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. जी जागा धुरामुळे वितळते आहे, ती बघायला मुंबईहून विमानाने जायचं? हे आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं खरं आहे. विमानाचा धूर कोणत्याही सद्भावनेने पुसला जात नाही. ‘वितळण्याआधी एकदा पाहून घेऊ’ हे पर्यटन कंपन्यांचं समर्थन तर मला निव्वळ निर्लज्ज वाटतं. आजारी माणसाला बघायला जावं आणि जाताना त्याच्याच औषधाचे पैसे खर्चावे, यातला प्रकार. पण म्हणून सगळ्या जाण्याला एकाच मापाने मोजता येत नाही. मोठ्या जहाजातून शेकडो माणसं उतरतात, दोन तासांत गाव चालून काढतात, फोटो घेतात आणि निघून जातात. नॉर्वेनेच हे आवरायला घेतलं आहे. २०२५ पासून संरक्षित भागांत दोनशेपेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजांना मज्जाव आहे, आणि किनाऱ्यावर उतरण्याच्या जागाही ठरवून दिल्या आहेत. याउलट एखादा माणूस मित्राच्या घरी दोन आठवडे राहतो, त्याच्याच चुलीवर जेवतो, गावाबाहेर एकदाच जातो. त्याने धूर केलाच, पण त्या धुराच्या बदल्यात काही समजून घेण्याइतका वेळ तरी दिला. एकदाच जा, जास्त दिवस राहा, आणि पुढची चार वर्षं परदेशवारी नको, असा हिशेब मला तरी प्रामाणिक वाटतो. तो मान्य नसेल तर घरी राहणं हाही चांगला निर्णय आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी: ज्याचा तिथे कुणी मित्र नाही त्याने काय करायचं? त्याने ट्रॉम्सोला जावं, हे वर सांगितलंच. हे दुखऱ्या जागी बोट ठेवणं नाही. लाँगयरब्येनमध्ये ओळखीशिवाय गेलेल्याला जे दिसतं ते जवळजवळ सगळं विकत मिळणारं असतं: कुत्र्यांची घसरगाडी, स्नोस्कूटर, जहाजाची फेरी. ते वाईट नाही, पण ते गाव नव्हे. गाव दिसतं ते मित्राबरोबर सुपरमार्केटच्या रांगेत. वाऱ्यामुळे विमान रद्द झालं की भाजीचे कप्पे रिकामे होतात, आणि पाणी, वीज, ऊब, भाजी यांतलं काहीही इथे आपोआप येत नाही हे तिथेच कळतं. गाव दिसतं ते हॉटेलच्या स्वयंपाकघरात आणि सफाईच्या कामावर, जिथे थायलंड आणि फिलिपिन्सची माणसं आहेत. पन्नासच्या आसपास देशांचे लोक या चिमुकल्या वस्तीत राहतात. १९२० च्या कराराने त्यांना येऊ दिलं. पण २०२२ मध्ये नॉर्वेने नियम बदलला: नॉर्वेच्या मुख्य भूमीवर तीन वर्षं राहिल्याशिवाय परदेशी रहिवाशाला गावच्या निवडणुकीत मत नाही. दहा-दहा वर्षं तिथे कामाला असलेल्यांचं मत एका फटक्यात गेलं. सरकारचं म्हणणं असं की इतक्या नाजूक ठिकाणी कारभार देशाशी नातं असलेल्यांच्या हाती राहावा, आणि रशियाच्या वस्त्या शेजारीच असताना ही काळजी पोकळ नाही. तरी ज्याच्या घामावर गाव चालतं त्याचा गावच्या कारभारात आवाज नाही, हा प्रश्न उरतोच. परप्रांतीयांवरून वाद घालत मोठ्या झालेल्या आपल्या उपनगरांना तो कळायला हरकत नाही.

मित्र भारतीय शास्त्रज्ञ असेल तर गोष्ट वेगळी होते. भारताचं आर्क्टिकमधलं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र लाँगयरब्येनमध्ये नाही. ते आणखी उत्तरेला न्यी-ऑलेसुंडमध्ये आहे. १ जुलै २००८ ला ते सुरू झालं आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही भारतीय तुकडी राहू लागली. पहिल्या तुकडीत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचाही वाटा होता. ‘आपला काय संबंध’ असं विचारणाऱ्यांसाठी इतकं पुरे: आर्क्टिकमधल्या बर्फाचा आणि मोसमी पावसाच्या टोकाच्या सरींचा दुवा शोधणं हे तिथल्या कामांपैकी एक आहे, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजलेल्या शहराला हा प्रश्न परका नाही. पण हिमाद्रीतला मित्र तुम्हाला घरी बोलावू शकत नाही. न्यी-ऑलेसुंड ही सबंध संशोधनाची वसाहत आहे. हिवाळ्यात तीस-पस्तीस माणसं, जेवण सगळ्यांचं एकाच मेसमध्ये, अस्वल आलं तर कुणालाही कुठेही शिरता यावं म्हणून घरांना कुलपं नाहीत, आणि संवेदनशील उपकरणांमुळे वायफाय आणि ब्लूटूथ बंद. छोट्या विमानात जागा कामाच्या माणसांनाच. तिथल्या मित्राला लाँगयरब्येनला उतरल्यावर किंवा परतीच्या वाटेवर भेटावं.

तिसरा आक्षेप काळोखाचा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. मग जायचं तरी कधी? बहुतेक लोक उन्हाळा सांगतील, जेव्हा एप्रिलच्या उत्तरार्धापासून चार महिने सूर्य मावळत नाही. माझं मत फेब्रुवारीच्या शेवटी जाण्याचं आहे. सूर्य तेव्हा क्षितिजावर आलेला असतो, पण दक्षिणेचे डोंगर आडवे येतात, म्हणून गावावर ऊन पडत नाही. रोज दुपारी आभाळ निळं होतं, मग गुलाबी, आणि हे उजाडणं आठवडेच्या आठवडे चालतं. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांवरून हेच अनुमान काढलं होतं की इतकी लांबलेली पहाट ध्रुवाजवळच शक्य आहे. आर्यांचं मूळ घर ध्रुवावर होतं हा त्यांचा निष्कर्ष अभ्यासकांनी स्वीकारला नाही, आणि तो स्वीकारण्याजोगा नाहीच. पण आर्क्टिक कधीही न पाहिलेल्या माणसाने पहाटेचं ते वर्णन ग्रंथांतून किती नेमकं उचललं, हे फेब्रुवारीत तिथे उभं राहिलं की पटतं. ८ मार्चच्या सुमारास गावातली सगळी माणसं जुन्या हॉस्पिटलच्या उरलेल्या लाकडी पायऱ्यांपाशी जमतात. इमारत कधीच गेली, पायऱ्या राखल्या आहेत, कारण सूर्याचा पहिला किरण त्यांच्यावर पडला की सूर्य परतला असं मानायचं ठरलेलं आहे. मुलं चेहरे पिवळे रंगवून येतात आणि सूर्याला हाका मारतात.

आता घाईचा मुद्दा. बर्फ उद्या संपणार नाही. तो आपल्या नातवंडांच्या काळातही काही प्रमाणात असेल. संपणार आहे तो मित्राचा मुक्काम. या गावात माणसं थोडी वर्षं राहतात आणि निघतात. संशोधनाचं अनुदान संपतं, कंत्राट संपतं, मूल होणार असतं, आईवडील थकतात. पिढ्यान्‌पिढ्या राहणारं घराणं असं तिथे सहसा नसतंच. म्हणून ‘जाऊ की कधीतरी’ हे उत्तर नाशिकच्या मावशीला चालतं, तिथे चालत नाही.

जायचं ठरलंच तर चार गोष्टी लक्षात ठेवा. विम्यात शोध आणि बचावाचा खर्च धरलेला असावा, कारण गंभीर दुखणं आलं तर ट्रॉम्सोला हलवावं लागतं. साठीपुढच्या आईवडिलांना नेत असाल तर हे आधी पाहा. मित्रासाठी मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्या, पण तूप आणि पेढे नकोत. युरोपाबाहेरून दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. मित्राला सुट्टी आहे का हे तिकीट काढण्याआधी विचारा, कारण पर्यटकांचा हंगाम हाच तिथल्या अनेकांच्या कामाचा हंगाम असतो. आणि व्हिसाच्या अर्जावर ‘मल्टिपल एंट्री’ लिहायला विसरू नका. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या हद्दीबाहेर आहे आणि तिथे जायची वाट नॉर्वेच्या मुख्य भूमीवरूनच आहे. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बेटावर जाता येईल, परत मुख्य भूमीवर उतरता येणार नाही.